गोंदियाच्या रानात कुत्रा न्यायचा तर

नकाराची गोष्ट आधी उरकून घेऊ, कारण गोंदियात कुत्रा पाळणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो: नागझिऱ्याला नेता येईल का? नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प 2013 च्या डिसेंबरात जाहीर झाला. नवेगाव राष्ट्रीय उद्यान आणि नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा, कोका ही अभयारण्यं त्यात येतात. त्यांच्या कुठल्याही फाटकातून पाळीव कुत्रा आत जात नाही, जिप्सीत मांडीवर घेऊन बसलात तरीही नाही. ‘आमचा खूप शांत आहे हो’ हे चोरखमाऱ्याच्या फाटकावर सांगून उपयोग नाही. सफारी होईस्तोवर कुत्र्याला गाडीत ठेवून, काच बोटभर खाली करून आत निघून जाणं तर त्याहून वाईट. बंद गाडी दहा-पंधरा मिनिटांत आठ-दहा अंशांनी तापते आणि सफारी तीन-चार तास चालते. सफारीचा बेत असेल त्या दिवशी कुत्रा घरी, शेजाऱ्याकडे किंवा मामाच्या गावी.

या नियमावर अनेकजण रुसतात. त्यामागचं कारण मात्र भुंकण्यापुरतं नाही. 2018 साली गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले आणि तपासात कुत्र्यांमध्ये आढळणारा डिस्टेंपरचा विषाणू सापडला. आफ्रिकेत सेरेंगेटीला 1994 मध्ये याच रोगाने तिथले सुमारे एक तृतीयांश सिंह गेले होते. आपल्या नागझिऱ्यात वाघ-बिबट आहेतच, शिवाय रानकुत्र्यांचे कळप आहेत. रानकुत्रा हा आपल्या मोतीचा लांबचा भाऊबंद, त्यामुळे डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीज यांतलं काहीही त्याला लागू शकतं. एकाला झालं की अख्खा कळप जातो. म्हणून व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरच्या झुडपी जंगलात फिरायचं असलं, तरी कुत्र्याचं लसीकरण पुरं झालेलं हवं: रेबीजची लस आणि डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोस्पायरोसिस यांची एकत्र लस, दोन्ही वेळच्या वेळी. आपल्याकडच्या फिरण्यात लेप्टोची लस कोणी टाळू नये. धानाच्या बांधीतलं साचलेलं पाणी आणि त्यात मुतणारे उंदीर ही त्या रोगाची घरचीच जागा.

मग जायचं कुठे? जिल्ह्यात जागेला तोटा नाही. गावाबाहेरचे पांदण रस्ते, वैनगंगेचा आणि बाघ नदीचा काठ, कालव्यांच्या बाजूचे कच्चे रस्ते, मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळी. तलावाची पाळ ही माझ्या मते कुत्र्यासोबत चालायला या जिल्ह्यातली सगळ्यात चांगली वाट: दोन्ही बाजूंचं लांबवर दिसतं, पाणी जवळ, पायाखाली माती. हाजरा धबधबा, नवेगावबांधचा परिसर अशा ठिकाणी तिकीट-नाका असतो. तिथे कुत्रा चालेल का, ते आधी विचारा आणि ‘नाही’ म्हटलं तर परत फिरा. सालेकसा तालुक्यातलं कचारगड हे गोंड समाजाचं पूजास्थान आहे. माघ पौर्णिमेला तिथे राज्याबाहेरूनही भाविक येतात. गुहेत कुत्रा घेऊन शिरणं शोभत नाही, एवढं पुरे. महाशिवरात्रीच्या प्रतापगडालाही तेच. गर्दीत बावरलेला कुत्रा कोणाच्या लेकराला कधी चावेल, सांगता येत नाही.

व्याघ्र प्रकल्पाची हद्द नकाशावर असते, वाघाच्या डोक्यात नसते, हे मात्र मनात धरून चाला. नागझिरा आणि नवेगाव यांच्यामधून महामार्ग जातो, आणि जनावरं तो ओलांडून इकडून तिकडे जात-येत असतात. 2023 साली चंद्रपूर जिल्ह्यातून वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. नवी जागा हुडकणारी वाघीण शेतशिवारातूनही जाते. बिबट तर गावाच्या उकिरड्यापर्यंत येतो, आणि येतो तो बहुतेक वेळा कुत्र्यासाठीच. त्याच्या लेखी तुमचा लॅब्राडोर म्हणजे आयता घास. म्हणून ज्या गावाच्या शिवारात जाणार, तिथे आधी चहाच्या टपरीवर विचारा: इकडे काही दिसलं का, कोणाचं ढोर गेलं का? गुरं चारणाऱ्या माणसाइतकी ताजी खबर कोणत्याही मोबाइलवर मिळत नाही. सालेकसा, देवरीकडच्या सीमेलगतच्या गावांत पोलीस पाटलाच्या कानावर घालूनच पुढे जावं. मोबाइलची रेंज तिथे मधेच जाते, आणि आपण कुठे गेलोय हे गावात कोणाला तरी ठाऊक असलेलं बरं.

आता वेळ. सगळा पेच इथेच आहे. गोंदियात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा कोणीही सांगेल, कुत्र्याला पहाटे न्या. पण पहाट ही बिबट्याचीही वेळ आणि अस्वलाचीही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडायला लागली की माणसं अंधारातच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, आणि त्याच झाडाखाली अस्वल आलेलं असतं. पूर्व विदर्भात अस्वलाचे हल्ले होतात ते बरेचसे असे. म्हणजे उन्हाळ्यात कुत्र्याला सोसेल तेव्हा रान सुरक्षित नाही, आणि रान जरा सुरक्षित होतं तेव्हा कुत्र्याला सोसत नाही. यावर तोडगा काढायच्या फंदात पडू नका. मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत रानात कुत्रा नेऊच नये, गावातल्या गावात, घरांजवळच्या मैदानावर फिरवावं. रानातल्या फेरीचे खरे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे. त्या दिवसांतही सूर्य चांगला वर आल्यावर, दव उतरल्यावर निघा आणि सूर्य बुडायच्या तासभर आधी गावाच्या रस्त्याला लागा.

आणि पट्टा सोडायचा नाही. या लेखातलं एकच वाक्य पाळायचं असेल तर हे पाळा. कुत्रा कितीही शिकवलेला असो, झुडपातून ससा निसटला की त्याला तुमचं नाव-गाव आठवत नाही. अस्वलाच्या बाबतीत तर सुटा कुत्रा मालकाच्याच जिवावर उठतो. तो पुढे पळतो, जाळीत अस्वलावर भुंकतो, अस्वल उठून अंगावर आलं की शेपूट घालून सरळ तुमच्याकडे पळत येतो, आणि पाठोपाठ अस्वल. अस्वलाची नजर अधू, त्यामुळे त्याला समोर दिसलेलं पहिलं उभं काहीतरी म्हणजे तुम्ही. यात कुत्र्याचा दोष नाही. घाबरलेलं लेकरू आईकडेच धावणार.

पट्टा साधा, जाड, पाच-सहा फुटांचा घ्या. बटण दाबल्यावर गुंडाळला जाणारा लांबलचक दोरीचा पट्टा शहरातल्या बागेत ठीक. इथे तो एकतर बोरीच्या काट्यांत अडकतो, नाहीतर ऐन वेळी कुत्रा पंधरा फूट पुढे असतो. गळपट्ट्यापेक्षा छातीवरून बांधायचा हार्नेस बरा, कारण नाल्यातून किंवा खड्ड्यातून वर ओढायचा झाला तर गळ्याला फास बसत नाही. पट्टा मनगटाला गुंडाळून घेऊ नका, मुठीत धरा. तीस किलोच्या कुत्र्याने हिसका दिला तर मनगट जातं.

समोर बिबट किंवा वाघ दिसलाच तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही. कुत्रा लहान असेल तर उचला, मोठा असेल तर पट्टा आखडून पायाशी घ्या, आणि तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरा. मोठ्याने बोलत राहा. किमान दोन माणसं सोबत असावीत, ती यासाठीच: एक कुत्रा सांभाळतो, दुसरा बाकी सगळं. वनविभागाचा मदत क्रमांक 1926 मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा.

कायद्याचंही जरा ऐका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती नाही. प्राण्याला हाकणं, त्याच्या मागे लागणं हेही त्यात येतं. तुमच्या कुत्र्याने चितळाच्या पाडसामागे धाव घेतली आणि तुम्ही ‘पकड पकड’ म्हणत व्हिडिओ काढत राहिलात, तर तो व्हिडिओ पुढे पुरावा म्हणून उभा राहू शकतो.

धानाच्या बांधीत कुत्रा उतरवायचा नाही. यामागे शेतकऱ्याचं नुकसान आहेच, पण या जिल्ह्यात आणखी एक कारण आहे, ते म्हणजे सारस. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः गोंदियातच, आणि त्यांची संख्या इतकी रोडावली की उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. जवळपास माणसाइतका उंच असलेला हा पक्षी झाडावर घरटं करत नाही. पावसाळ्यात भर बांधीत, गुडघाभर पाण्यात, नर-मादी मिळून गवत-काड्या ओढून एक ढिगारा रचतात आणि त्यावर बहुतेक दोन अंडी. महिनाभर दोघं आळीपाळीने उबवतात. पिल्लू बाहेर आलं की एक-दोन दिवसांत आईबापामागे चालायला लागतं. उडायला मात्र त्याला कित्येक आठवडे लागतात. या सगळ्या काळात ते जमिनीवर, कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं. सारस पंख पसरून, मान ताठ करून ओरडायला लागला की कुत्र्याला तो खेळ वाटतो आणि तो जास्तच चेकाळतो. तुमचा एक कुत्रा अर्ध्या मिनिटात एका जोडीचा अख्खा हंगाम घालवू शकतो. परसवाडा, झिलमिलीकडच्या तलावांवर तर हिवाळ्यातही पाहुणे पक्षी उतरलेले असतात. तिथे कुत्र्याला पाण्यात सोडणं सरळ टाळा.

बांधीत न उतरण्याचं आणखी एक कारण जिवावरचं. रानडुकरांनी पीक नासू नये म्हणून काही जण धुऱ्यावरून उघडी तार टाकून तिच्यात वीज सोडतात. हे बेकायदा आहे. त्यात वाघ गेलेत, माणसंही गेलीत. तार बहुधा रात्री जोडतात, पण सकाळी काढायची राहिलेली असू शकते आणि ओल्या धुऱ्यावर ती दिसत नाही. जवळचा रस्ता म्हणून परक्या शेतातून घुसणं नकोच. कुत्र्याला करंट लागला तर त्याला किंवा त्याच्या पट्ट्याला हात लावायच्या आत वीज बंद झाली पाहिजे. धावत जाऊन मिठी मारलीत तर दोन जीव जातील. याच डुकरांसाठी राज्यात ठिकठिकाणी गावठी बॉम्ब खाण्यात दडवून ठेवतात. कुत्र्याने तोंडात धरला की जबडाच उडतो. म्हणून रानात पडलेलं काहीही, पिठाचा गोळा, मांसाचा तुकडा, मेलेलं जनावर, त्याच्या तोंडी लागता कामा नये. ‘सोड’ हा एक शब्द घरी भाकरीच्या तुकड्यावर पक्का करून घ्या, बाकी कसरती नाही शिकवल्या तरी चालेल.

फासेही असतात. क्लचच्या तारेचा गोल, झुडपांमधल्या पायवाटेवर लावलेला. कुत्रा अडकला की तो ओढतो आणि तार रुतत जाते. अशा वेळी पहिलं काम कापायचं नाही, पट्ट्याने त्याला तारेच्या बाजूला आणून ताण ढिला करायचं. मग डोक्यावर गमछा टाका, कारण वेदनेत घरचा कुत्राही चावतो. दुसऱ्याने पकडीने तार खुंटीच्या बाजूला कापायची. गळ्यात रुतलेला भाग लगेच ढिला करावाच लागेल, पण पोटात किंवा पायात खोल गेलेली तार ओढून काढू नका, तशीच ठेवून दवाखाना गाठा. म्हणून पिशवीत एक छोटी पकड असू द्या. तार कापून झाल्यावर कुत्रा शेपूट हलवत चालू लागला तरी दवाखाना टाळू नका, कारण तारेखालचं मांस दोन-तीन दिवसांनी सडायला लागतं. फास कुठे होता ते वनरक्षकाला कळवा.

उष्णतेकडे वळू. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही; थोडाफार पंजांतून, बाकी सगळं धापा टाकूनच. त्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअस. ते 41 च्या वर गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. आपल्याकडे फसगत होते ती ऑगस्ट-सप्टेंबरात. आभाळ भरलेलं, पारा 32, आपल्याला वाटतं गार आहे. पण बांधीवरची हवा इतकी दमट की धापा टाकूनही तोंडातलं पाणी उडत नाही आणि अंग निवत नाही. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना रानातली फेरी कोणत्याच ऋतूत नको. हस्की वगैरे जातींबद्दल तर बोलायलाच नको. 45 अंशांच्या जिल्ह्यात त्यांना पाळावं का, हा प्रश्न फिरायला नेण्याच्या आधी यायला हवा होता. इथे सगळ्यात छान चालतो तो गावठी. एक वर्षाच्या आतलं पिल्लू आणि म्हातारा कुत्रा, दोघांना अर्धा तास पुष्कळ.

निघण्याआधी आपल्या हाताचा पंजा उलटा करून रस्त्यावर सात सेकंद धरा. तुम्हाला धरवत नसेल तर त्याचे पाय भाजणारच. वीस-पंचवीस किलोच्या कुत्र्यासाठी दोन-तीन तासांच्या फेरीला दीड-दोन लिटर पाणी घरून घ्या. बांधीतलं पाणी पाजू नका, त्यात फवारणीचं औषध उतरलेलं असतं. जीभ लांब बाहेर आणि गडद लाल, लाळ चिकट, पाय लटपटणं, सावलीत जाऊन बसणं आणि उठायला नकार: इतकं दिसलं की फेरी संपली. सावलीत आडवा करा, पोट, जांघा, काखा, पंजे यांवर पाणी ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो थोड्याच वेळात गरम होऊन उलट ऊब धरतो. आधी जागेवर थंड करा, मग गाडीत घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं.

सापाचं थोडक्यात. नाग, मण्यार, घोणस हे आपल्या शिवारात आहेत, आणि कुत्र्याला चावतात ते बहुधा नाकावर किंवा पुढच्या पायावर, कारण तो हुंगायला जातो. घोणस चावली तर सूज झरझर चढते. मण्यार चावली तर खूण दिसेलच असं नाही, पण काही तासांत पाय गळतात, पापण्या जड होतात. चिरा देणं, तोंडाने ओढणं, दोरी आवळणं, झाडपाला बांधणं, सगळं वर्ज्य. गळपट्टा आणि हार्नेस मात्र सैल करा, सुजेने ते रुततात. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. चावल्याची वेळ लक्षात ठेवा, साप मारायला किंवा धरायला जाऊ नका. माणसाला देतात तीच प्रतिसर्पविषाची लस पशुवैद्य कुत्र्यालाही देतात, पण ती प्रत्येक दवाखान्यात ठेवलेली नसते. म्हणून फेरीच्या आदल्या दिवशीच आपल्या डॉक्टरांना फोन करून विचारा: लस कुठे मिळेल, रविवारी कोण असतं? पशुसंवर्धन खात्याचा 1962 क्रमांकही जवळ ठेवा. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नका. पॅरासिटॅमॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याला विषासारख्या लागू शकतात.

कडेकपारीला किंवा उंच झाडाला आग्या मोहोळ दिसलं तर वाट बदला. कोल्ह्याशी किंवा मुंगसाशी झोंबी झाली तर जखम पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्याने धुवा, हातात प्लास्टिकची पिशवी चढवून. रेबीजची लस झालेली असली तरी डॉक्टरांकडून पुन्हा डोस घ्या.

घरी आल्यावरचं काम बरेचजण टाळतात आणि पुढे महिनाभर निस्तरत बसतात. सप्टेंबर ते डिसेंबर गवत वाळतं तेव्हा कुसळं झडतात. कुसळाचं टोक सुईसारखं आणि त्यावरचे केस मागे वळलेले, म्हणून ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात घुसलं की कातडीखाली चालत जातं, कानात गेलं तर पडद्यापर्यंत. फेरीहून आल्यावर कुत्रा एकाच बाजूला मान झटकत असेल, डोकं तिरपं धरत असेल, तर कानात कुसळ आहे असं समजा. कापसाची काडी आत घालू नका, ती त्याला आणखी पुढे ढकलते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जाऊन यंत्राने काढून घ्या. हिवाळ्यात खाजकुहिलीच्या शेंगा फुटतात. तिची लव कुत्र्याच्या अंगाला लागून आली तर त्याला कुरवाळणारं अख्खं घर खाजवत बसतं. हात न लावता आधी पाण्याचा मारा करा.

शेवटी गोचीड. कानाच्या मागे, बगलेत, शेपटीच्या मुळाशी, बोटांमध्ये बोटाने चाचपून बघा, नुसतं वरवर पाहून दिसत नाहीत. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, चुना, जळती काडी यांनी गोचीड सुटायच्या आधी पोटातला मळ जखमेत ओकते. पुढचे दोन-तीन आठवडे कुत्रा जेवत नसेल, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील, लघवी लालसर किंवा चहाच्या रंगाची होत असेल, तर ‘थकला असेल’ म्हणून वाट पाहू नका. रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना सांगा की याला रानात नेलं होतं.